घरगाडीचं छत

चाकणहून अर्जुनरावांचा फोन आला तेव्हा झुलेखा ओट्याशी बोंबील साफ करत होती. हात भरलेले, म्हणून सून इफ्फत फोन तिच्या कानाशी धरून उभी राहिली.

"भाभी, सांगायला जीव होईना," अर्जुनराव म्हणाले, "पर आमचा थोरला प्लॉटवर शेड टाकतोय. भाडेकरू बी मिळालाय. त्या शिरसाच्या झाडाखाली आपली गाडी हाय न्हवं, ती हलवाया लागंल. लई घाई न्हाई, पर ह्या थंडीत बघा काय ते."

"बघते भाऊ," झुलेखा म्हणाली. फोन बंद झाल्यावरही ती नळ सोडून कितीतरी वेळ हात धूत राहिली. इफ्फत फोन ठेवून आपल्या कामाला लागली. तिचा स्वभावच तसा. चाकणच्या एका कंपनीत ती क्वालिटीला होती, पहाटे कंपनीच्या बसने जायची, संध्याकाळी यायची, घरातलं काम नीट करायची आणि बोलायची फार कमी. लग्न होऊन दोन रमजान झाले होते, पण सासू-सुनेत भांडण झालं नव्हतं तशा गप्पाही झाल्या नव्हत्या.

गाडी म्हणजे घरगाडी. हल्ली लोक कॅरॅव्हॅन म्हणतात, पण झुलेखाच्या नवऱ्याने, अफताबने, ती बांधली तेव्हा दापोडीत हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. रेल्वेलाइनला लागून त्याचं गॅरेज होतं. अर्जुनराव तेव्हा एका कंपनीच्या स्टाफबसवर ड्रायव्हर होते. बस कुरकुरली की ती घेऊन थेट अफताबकडे यायचे. अशाच एका खेपेला त्यांनी बातमी आणली, की कंपनी एक जुनी मिनीबस काढून टाकतेय. अफताबने ती घेतली. आतल्या सीटा उपटल्या, दोन्ही बाजूंना झोपता येईल अशी बाकं केली, मागे गॅसची शेगडी बसवली, हाताने मारायचा पाण्याचा छोटा पंप लावला. वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं नवं छत, आणि छताच्या मधोमध हवेसाठी एक झाकण, आतून ढकललं की उघडणारं.

झुलेखाचं माहेर श्रीवर्धनचं. एसटीने घाट उतरताना तिला उलट्या व्हायच्या. "बायकोला आडवं पडून माहेरी जाता यावं म्हणून बांधली," असं अफताब येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि आपल्या उलट्यांची गोष्ट गल्लीभर झाली म्हणून झुलेखा चिडायची. पण मे महिन्यात घरगाडी ताम्हिणीच्या वळणांवरून हळूहळू खाली उतरू लागली, की खिडकीशी उशी घेऊन पडलेल्या झुलेखाइतकं सुखी माणूस त्या रस्त्यावर दुसरं नसायचं.

पुढे रहाटणीला फ्लॅट झाला. सोसायटीच्या पार्किंगला गाडीची उंची बसेना. अर्जुनराव म्हणाले, माझ्या प्लॉटवर लावा, जागा पडूनच हाय. तिथून मग वर्षातून एकदा-दोनदा निघायची. आणि अफताब गेल्यावर ती निघालीच नाही. झुलेखाने एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. कुणी विषय काढला की ती म्हणायची, "असू दे, आहे ती बरी आहे."

रात्री जेवताना मुलाने, कामरानने, सरळ विषयाला हात घातला. तो हिंजवडीत एका आयटी कंपनीत होता आणि घरी आल्यावरही त्याचा एक कान फोनकडे असायचा.

"अम्मी, भंगारवाल्याला विचारू का? तोच क्रेन आणतो. आपल्याला काही करावं लागणार नाही."

"आधी बघून तरी येऊ," झुलेखा म्हणाली.

रविवारी तिघं चाकणला गेले. ट्रकच्या रांगा मागे टाकून त्यांची कार आतल्या रस्त्याला वळली तेव्हा झुलेखाला जागा ओळखू येईना. शेतं होती तिथे निळ्या पत्र्यांच्या शेड उभ्या होत्या. अर्जुनरावांच्या जुन्या घरामागे तेवढा विलायती शिरीष तसाच होता, पूर्वीपेक्षा दुप्पट पसरलेला, आणि त्याच्या सावलीत घरगाडी. बाजूने पाहिलं तर धूळ आणि उतरलेली टायरं, एवढंच. पण अर्जुनरावांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, तिला चहाला वर गच्चीत नेलं आणि तिथून झुलेखाला छत दिसलं.

तिने तोंडावर हात ठेवला. छताचा पांढरा रंग कुठे म्हणून दिसत नव्हता. शिरसाच्या चिकट शेंगा कुजून त्यांचा काळा थर झाला होता. संध्याकाळी बगळे त्या झाडावर उतरायचे, त्यांच्या शिटेचे पांढरे-हिरवे ओघळ काठापर्यंत आले होते. त्यावर कारखान्यांची काजळी बसलेली. सांध्यांमध्ये शेवाळ, आणि एका कोपऱ्यात तर वीतभर पिंपळ उगवलेला.

"आमी तरी काय करनार वहिनी," दुर्गाबाई ओशाळून म्हणाल्या. "ह्यांचे गुडघे गेलेत. वर चढणार कोण?"

"तुमची काय चूक? आम्हीच फिरकलो नाही."

आत एका बाकाचं लाकूड फुगलं होतं. वरून पाणी ठिबकत असणार. बाकी सगळं जागच्या जागी होतं, पंपाचा दांडासुद्धा. कामरानने दारातूनच डोकावून पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला.

"अम्मी, याच्यात आता काही राम नाही."

"आधी छत धुऊ," झुलेखा म्हणाली. "मग ठरवू काय ते."

"भंगारात द्यायची गाडी धुवायची कशाला?"

तिला एवढंच माहीत होतं, की गाडी अशी, इतकी घाण डोक्यावर घेऊन, ती कुणाच्याही हवाली करणार नव्हती.

छत धुणं हे नेहमी तिचंच काम असायचं. अफताब अंगाने भारी. तो चढला तर पत्रा बसला असता. झुलेखा काडीसारखी. "तुझं वजन छताला कळतही नाही," असं म्हणून तो शिडी लावायचा आणि पायथ्याशी घट्ट धरून उभा राहायचा. ती वर, तो खाली. आणि मग त्याच्या तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा तो ती खाली उतरेपर्यंत थांबायचा नाही. डाव्या कोपऱ्यात पाणी टाकलं का? झाकणाच्या कडेला जपून. त्या दिवशीचं गिऱ्हाईक काय म्हणालं सांगू? काल भाजीत मीठ जास्त होतं, पण मी बोललो नाही. तिला वैताग यायचा. एकदा श्रीवर्धनला, भावाच्या वाडीत, ती वरून ओरडली होती, "जरा तोंड बंद ठेवाल का!" तो गप्प झाला. थोडा वेळ गेला आणि खालून ठक ठक आवाज यायला लागला. तो पान्ह्याने शिडी ठोकत होता. "आता काय ठोकताय?" असं तिने विचारल्यावर ठोकणं थांबलं आणि पुन्हा बडबड सुरू झाली. माहेरच्या बायका हसून लोटपोट झाल्या होत्या.

पुढच्या रविवारी झुलेखा सगळं सामान घेऊन चाकणला हजर झाली. बादल्या, झाडू, मऊ ब्रश, जुने टूथब्रश, गोणपाटाचे तुकडे, भांडी घासायचं साबणाचं पाणी. कामरानने भाड्याने जोराच्या फवाऱ्याचं मशीन आणलं होतं. झुलेखाने ते टायरांकडे वळवलं. छताच्या सांध्यांमधून तो फवारा आत घुसला असता. त्यालाही ते पटलं. "मग मी चढतो," तो म्हणाला.

अर्जुनरावांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. कामरान बापावर गेला होता. "साहेब, तुमी चढलात तर छत खाली आन् तुमी आत," ते म्हणाले. "तुमी पानी भरा."

झुलेखाने पदर खोचला आणि शिडीवर पाय ठेवला. पहिल्या दोन पायऱ्या बऱ्या गेल्या. पुढच्या पायरीवर उजवा गुडघा असा काही लटलटला की तिने शिडीला मिठीच मारली. वर जाता येईना, खाली येता येईना. कामरान धावला, अर्जुनराव "दमानं, दमानं" करत राहिले. खाली टेकल्यावर ती कुणाकडे न बघता बादलीत हात घालून उगाच पाणी ढवळत राहिली. एवढंसं ते छत. आयुष्यभर ज्यावर ती मांजरासारखी फिरली, ते आता तिच्या हातचं राहिलं नव्हतं.

मागे चपला काढल्याचा आवाज झाला. इफ्फतने ओढणी कमरेला गुंडाळून गाठ मारली होती.

"मी चढते," ती म्हणाली. "वर काय करायचं ते सांगा."

"तुला सवय नाही गं."

"कंपनीत रोज रॅकवर चढते, अम्मी."

आणि ती चढलीसुद्धा. अर्जुनरावांनी एक रुंद फळी वर दिली, म्हणजे वजन एका जागी पडू नये. झुलेखा शिडीच्या पायथ्याशी आली आणि तिने दोन्ही हातांनी शिडी धरली.

"आधी कोरडा झाडू मार. शेंगा सगळ्या खाली लोट. पिंपळ उपटू नकोस, पत्रा उचकटेल, बुंध्याशी काप."

"हो."

"बगळ्यांची शीट खरवडायची नाही. गोणपाट भिजवून त्यावर ठेव. मऊ पडली की आपोआप सुटते."

"हो."

खालून झुलेखाला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. छताची कड, क्वचित इफ्फतची टाच, आणि कडेवरून येणारं काळं पाणी. झाडूचा आवाज यायचा, मग ब्रशचा. आवाज पुढे सरकला की ती मनाशी हिशेब करायची, आता झाकणापाशी असेल, आता मागच्या काठाला. मागच्या काठाला उतार होता. ओल्या पत्र्यावर साबण.

"इफ्फत, मागे जपून हं."

"हो."

"फळीवरच बस."

"हो, अम्मी."

मग ब्रशचा आवाज थांबला. झुलेखा वाट पाहत राहिली. शिरसावर कावळा ओरडला, लांबच्या एका शेडमधून लोखंड कापल्याचा आवाज आला. वर काहीच हालेना.

"इफ्फत?"

उत्तर नाही.

"इफ्फत! अगं ए!" तिने शिडी गदागदा हलवली.

"काय झालं?" कडेवरून इफ्फतचं डोकं डोकावलं. गालाला काजळी लागली होती. "मी बघत होते जरा. इथून डोंगर दिसतो, अम्मी. रोज बसने येते, पण मला माहीतच नव्हतं इथे एवढा मोठा डोंगर आहे."

"बोलत जा की मग!" झुलेखा खेकसली. "मला खाली काय कळतं, तू आहेस का पडलीस!"

हे शब्द तोंडातून गेले आणि ती एकदम थांबली. शिडीवरचे हात तसेच घट्ट होते, तळवे घामाने ओले झाले होते. तिला तो माणूस दिसला, इथेच, असाच शिडीला चिकटून उभा. भाजीतलं मीठ, गिऱ्हाइकाची गोष्ट, पान्ह्याची ठकठक. तो वेडा माणूस प्रत्येक खेपेला घाबरलेला असायचा. वरून "हो", "नाही", "गप्प बसा" असं काहीतरी ऐकू यावं, आपली बायको अजून वरच आहे हे कळावं, म्हणून तो बोलत सुटायचा. इतकी वर्षं तिने ती बडबड सोसली आणि तिला तिचा अर्थ कळला तो आज. तोही आपल्या सुनेसाठी शिडी धरून उभं राहिल्यावर.

"अम्मी? तुम्ही का गप्प झालात?" वरून आवाज आला.

झुलेखाने पदराने डोळे पुसले. "काही नाही. तुझे सासरे आठवले," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी ना, इथे उभी राहून बोलत राहणार आहे. तू काही मनावर घेऊ नकोस. फक्त ओ देत जा."

"बोला ना," इफ्फत म्हणाली. "मला आवडतं ऐकायला. घरी कुणी बोलतच नाही."

झुलेखाला हे लागलं, आणि बरंही वाटलं. मग ती बोलत राहिली. उलट्यांची गोष्ट सांगितली, जी तिने आजवर कधी स्वतःच्या तोंडाने सांगितली नव्हती. छोटा कामरान झाकणातून डोकं बाहेर काढून अख्खा घाट गाणी म्हणत उतरला होता ते सांगितलं. वरून हसण्याचा आवाज आला. मग वरूनही गोष्टी यायला लागल्या. इफ्फतचे अब्बा पिंपरीत कुलपं दुरुस्त करायचे. एकाच खोलीत सहा माणसं. सहल म्हणजे शाळेची, तीही एकदाच. समुद्र तिने अजून पाहिला नव्हता.

"अजून?" झुलेखाने मान वर करून विचारलं. "कामराननं नेलं नाही कुठे?"

"सुट्टी कुठे असते त्यांना."

पाण्याची बादली घेऊन आलेला कामरान हे ऐकून तिथेच थबकला. बादली वर देऊन दुसरी भरायला गेला.

दुपार कलताना थर निघाला आणि खालचा पांढरा दिसू लागला. इफ्फत टूथब्रशने सांधे घासत होती. "अम्मी, झाकणाशेजारी लालसर डाग आहे. किती घासला तरी जात नाही. गंज असेल का?"

"कुठल्या बाजूला? उजवीकडे?"

"हो."

झुलेखा हसायला लागली. "गंज नाही गं. ॲल्युमिनियम कुठे असं गंजतं? कोकमं वाळत घातली होती मी. शेवटच्या खेपेला. हे किती ओरडले होते मला, की छत काय तुझं सूप आहे का!"

इफ्फतने वर त्या डागावरून बोट फिरवलं. "मग रंग मारताना एवढी जागा सोडू का?"

"छे! सोडू नकोस. तिथूनच पाणी शिरेल. मार पांढरा."

छत वाळायला आठवडा दिला. दरम्यान कामरान एका संध्याकाळी हिंजवडीहून उशिरा आला तो दापोडीला जाऊन. अफताबच्या हाताखाली शिकलेला रियाज आता तिथलं गॅरेज चालवत होता. रियाजच्या मोटरसायकलवर मागे बसून कामरान त्याला चाकणला इंजिन दाखवायला घेऊन गेला होता म्हणे. "रियाजभाई म्हणतात, इंजिन मेलेलं नाही, झोपलंय," त्याने जेवताना सांगितलं, जसं काही भंगारवाल्याचं नाव त्याने कधी काढलंच नव्हतं. कुणी त्याला आठवणही करून दिली नाही.

त्या रविवारी रियाज सांधे बुजवायचं सीलंट घेऊन आला. इफ्फतने जुनं, तडकलेलं सीलंट लाकडी पट्टीने काढलं, झाकणाभोवती आणि प्रत्येक सांध्यावर नवं भरलं. मग प्रायमर, आणि त्यावर पाणी न शिरणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. मधल्या वेळात दुर्गाबाईंनी भाकरी आणि ठेचा खाली ओट्यावर मांडला. दुसरा हात वाळल्यावर अर्जुनरावांनी विहिरीच्या मोटरीची नळी छतावर सोडली आणि झुलेखा आत जाऊन बाकावर बसली. वर पाणी धो धो वाजत होतं. ती मान वर करून सांध्यामागून सांधा बघत राहिली. मागच्या कोपऱ्यात एक थेंब जमला, लोंबला आणि तिच्या हातावर पडला.

"गळतंय का?" बाहेरून इफ्फतने विचारलं.

"एका ठिकाणी. पिंपळ होता तिथे."

"मग तिथे पुन्हा भरते," इफ्फत म्हणाली आणि लगेच शिडीकडे वळली.

रियाजने गाडी दोरखंड लावून दापोडीला नेली. टायर, बॅटरी, ब्रेक, नवं बाक. आरटीओचे हेलपाटे कामरानने घातले, सुट्ट्या टाकून. शिरसाखालच्या जागेवर पुढच्याच आठवड्यात शेडचे खड्डे खणले गेले. अर्जुनरावांनी फोनवर सांगितलं, की बगळे रोज संध्याकाळी येतात, आणि गाडी न्हाई तर वंगाळ वाटतंय बघा.

जानेवारीत एका शनिवारी घरगाडी निघाली. कामरान स्टेअरिंगवर, शेजारी कुणी नाही, कारण दोघी मागे होत्या. झुलेखा खिडकीशी उशी घेऊन. वाकडच्या पुढे, हिंजवडीचा फाटा आला आणि सगळं ठप्प झालं. पुढे गाड्या, मागे गाड्या. कामरानने इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर हात आपटला. "रोजचंच आहे हे. आता बसा."

"बसलोच आहोत," झुलेखा म्हणाली. "इफ्फत, चहा टाक."

इफ्फत आधी बघतच राहिली. मग तिने छताचं झाकण वर ढकललं, पंप मारून पातेल्यात पाणी घेतलं आणि शेगडी पेटवली. भर ट्रॅफिकमध्ये आल्याचा वास दरवळला. शेजारी कंपनीची एक कॅब अडकली होती. ड्रायव्हरने काच खाली केली, नाक वर करून हुंगलं आणि खिडकीतल्या झुलेखाला विचारलं, "काकू, हॉटेल आहे का हे?"

"घर आहे," झुलेखा म्हणाली. "घेणार का घोटभर?"

तिने स्टीलचा ग्लास खिडकीतून त्याच्या हातात दिला. त्याने पहिला घोट घेतला न घेतला तोच पुढची रांग हलली. मागून हॉर्नचा गदारोळ झाला, कॅबला पुढे जावंच लागलं, आणि ती ग्लाससकट दोन रांगा ओलांडून निघाली.

"गेला!" इफ्फत ओरडली. "अम्मी, तो ग्लास घेऊन गेला!"

"कामरान, धर त्याला!" झुलेखा खिडकीतून अर्धी बाहेर झुकली होती. कामरानने खदखदा हसत गिअर टाकला. घरगाडी गुरगुरत निघाली आणि पुढच्या गर्दीत त्यांनी त्याला गाठलं. बिचारा एका हाताने गाडी चालवत, दुसऱ्या हाताने ग्लास सांभाळत उरलेला चहा पीत होता. त्याने रिकामा ग्लास खिडकीतून परत दिला आणि विचारलं, "कुठे निघालात?"

"हिला समुद्र दाखवायला," झुलेखा म्हणाली आणि इफ्फतच्या पाठीवर हात ठेवला.